नर्सच्या पिक्चरची शेवटची ओळ

सुखदेव, नर्सच्या पिक्चरची सहावी ओळ आपल्या दोघांत शेवटपर्यंत ठरली नाही. पाच ओळी झाल्या, सहावीवर भांडण झालं, आणि ते मिटायच्या आत तू कूलरची खस बदलता बदलता खाली बसलास आणि उठला नाहीस. परवा तुझ्या जलदानाच्या विधीला सेक्टर दोनच्या क्वार्टरपुढे मंडप घातला होता. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले, बोलणारच होते. मी मागच्या सतरंजीवर बसून एकच गोष्ट घोळवत होतो, की तुला माहीत होतं की नव्हतं. दुःख आहेच, ते कुठे जाणार. पण खरं सांगतो, तू गेल्यापासून मला दुःखापेक्षा भीती जास्त वाटते, आणि माझी भीती ऐकून हसणारा माणूस तूच होतास.

तुला सांगायची गरज नाही, पण हे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून ओळींचा खुलासा करतो. पोलाद कारखान्यातल्या आपल्या क्रेनवर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी रोज एक शीट भरावी लागते. ब्रेक, हुक, वायर रोप, लिमिट स्विच, हूटर, आणि सहावी ओळ: चालक फिट, होय किंवा नाही. वर केबिनमध्ये बसणारा चालक मी. खाली उभा राहून हाताच्या इशाऱ्यानं वजन कुठे न्यायचं, कुठे थांबायचं ते सांगणारा सिग्नलवाला तू. शीटच्या खाली दोघांच्या सह्या. बावीस वर्षं आपण हा कागद भरला. मग एकदा तुझ्या डोक्यात आलं, की पिक्चरलाही हीच शीट लावायची. ब्रेक म्हणजे घाबरवता घाबरवता मध्ये श्वास घ्यायला थांबतो का. हुक म्हणजे धरून ठेवतो का. वायर रोप म्हणजे गोष्ट कुठे तुटली का. क्रेनचा हुक वर जाता जाता गर्डरला भिडू नये म्हणून आपोआप बंद करणारा खटका असतो, तो लिमिट स्विच. पिक्चरमध्ये तो म्हणजे कुठवर ताणायचं याची अक्कल. हूटर म्हणजे आवाज. आणि चालक म्हणजे डायरेक्टर. असे कितीतरी पिक्चर आपण पास-नापास केले. कागद तुझ्याकडे असायचे, कारण माझी बायको कुसुम असले कागद चुलीला घालते असा तुझा आरोप होता. आमच्याकडे चूल नाही, हे तुला चांगलं ठाऊक होतं.

आपले पिक्चर दुपारचे. सकाळची ए शिफ्ट सुटली की मरोद्याला घरी जायच्या आधी मी तुझ्याकडे थांबायचो. पुष्पा वहिनी परातीत मुरमुरे, म्हणजे आपला मुर्रा, आणि फुटाणे कालवून ठेवायच्या. तुझी लेक प्रज्ञा टीव्हीवर पिक्चर लावून द्यायची, कारण रिमोट आपल्या हातात पडला की बातम्याच लागत. अंगावर काटा आणणारे पिक्चर तुझ्या आवडीचे. मला ते मुळीच सोसत नाहीत. नाम्या चाळीस फुटांवर बसून वीस टन हलवते आणि टीव्हीले भिते, हे तू माझ्याबद्दल सगळ्या बेमध्ये सांगून ठेवलं होतंस. आपली क्रेन जिथे चालते त्या लांबलचक शेडला बे म्हणतात, आणि तिथे एक गोष्ट एकाला सांगितली की संध्याकाळपर्यंत प्लांटच्या दुसऱ्या टोकाला, कोक ओव्हनपर्यंत पोचते.

नर्सचा पिक्चर जानेवारीत पाहिला. तो हिंदीत डब केलेला होता, पण त्याचं खरं नाव इंग्रजी, ते आपल्यापैकी कुणाच्या जिभेवर बसलं नाही. पडदे ओढून घेतले होते, तरी फटीतून ऊन टीव्हीवर पडत होतं. बर्फात अडकलेलं एक हॉस्पिटल, रस्ते बंद, डॉक्टर एकच. मेंदूवरच्या प्रयोगाचं औषध चुकून एका नर्सच्या अंगात जातं आणि तिला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू यायला लागतं. आधी लहानसहान काही. कुणाला तहान लागली आहे, कुणाला घरी जायचं आहे. मग एक ऑपरेशन येतं. भूल देताना पेशंटला दहापासून उलटं मोजायला सांगतात. तो मोजतो, दहा, नऊ, आठ. आणि मध्येच नर्सला डॉक्टरच्या मनातलं ऐकू येतं. माझी बोटं सुन्न आहेत. खूप दिवसांपासून सुन्न आहेत. कुणाला कळता कामा नये.

नर्स त्याच्याकडे बघते. मास्कच्या वर नुसते डोळे. ती बोलत नाही. अवजार त्याच्या बोटांत देण्याऐवजी तळहातावर ठेवते आणि नीट दाबते, म्हणजे त्याला ते जाणवावं. पेशंटचा आवाज चारवर थांबतो. ऑपरेशन संपतं तेव्हा तो गेलेला असतो. दोन दिवसांनी नर्स वॉर्डात चादरी बदलत असताना सगळे आवाज एकाएकी बंद होतात, हीटरची घरघरसुद्धा, आणि रिकाम्या खाटेवरून कुणीतरी म्हणतं, चार. पुन्हा, चार.

माझ्या हातातला मुर्रा चादरीवर सांडला. तू म्हणालास, घाबरला बे. मी म्हटलं, हो, त्या खाटेला घाबरलो. ते खोटं होतं, सुखदेव. मी खाटेच्या किती तरी आधी घाबरलो होतो. डॉक्टरच्या बोटांना घाबरलो होतो.

आता ते लिहितो जे तुला बावीस वर्षांत एवढं एकच सांगितलं नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दीड-दोन वर्षं झाली. आधी केबिनची काच मळली आहे असं वाटायचं, म्हणून मी ती पुसत बसायचो. मग चष्मा पुसायला लागलो. मग कळलं की पुसण्यासारखं बाहेर काही नाही. प्लांटच्या दवाखान्यात गेलो असतो तर कागदावर आलं असतं, म्हणून दुर्गला पद्मनाभपूरच्या एका डॉक्टरकडे चोरासारखा गेलो. त्यानं सांगितलं, साधं ऑपरेशन आहे, एकेक डोळा करून टाका, महिना-दीड महिन्यात पुन्हा क्रेनवर बसाल. मी हो म्हणालो, घरी आलो आणि तो कागद बुटाच्या खोक्यात तळाशी घातला.

तू म्हणशील, एवढ्याशा गोष्टीसाठी. पण माझे बाबा तुला आठवतात ना, मरोद्याच्या घरात दाराशी खाटेवर बसायचे, पावलांच्या आवाजावरून तुला ओळखायचे. त्यांचंही साधंच ऑपरेशन होतं, गावाकडच्या एका शिबिरात. पट्टी सोडली तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, लाइट गेली का रे? दुपारचे बारा वाजले होते आणि ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. तेव्हापासून डोळ्याजवळ कुणी हात आणला तरी मी मान मागे घेतो. जग सुधारलं, यंत्रं आली, हे सगळं मला समजतं. समजून काही होत नाही.

म्हणून मी रोज सकाळी सहाव्या ओळीवर 'होय'ला खूण करत राहिलो. तू खाली सही करत राहिलास. तू न वाचताच सही करतोस असं मी स्वतःला सांगायचो.

दिवाळीच्या आधीचा तो दिवस मी कधी विसरलो नाही आणि तूही विसरला नसशील. प्लेट उचलून पलीकडच्या ढिगावर ठेवायची होती. तू खाली उभा होतास. तू थांबायचा इशारा केलास, तो मला हळू खाली घेण्याचा वाटला. फरक दोन बोटांचा असतो. मला बोटं दिसलीच नाहीत, हाताच्या जागी एक करडा ठिपका दिसला आणि मी अंदाजानं खाली घेतलं. प्लेट तुझ्या बुटापासून वीतभर अंतरावर बसली. एवढ्या वरूनही मला तू मागे पडलेला दिसलास. मी शिडीवरून खाली उतरलो. मी म्हणालो, ब्रेक स्लिप झाला. तू धूळ झटकलीस आणि शीटवर ब्रेकपुढे खराब असं लिहिलंस. मेंटेनन्सवाल्यांनी दुपारभर ब्रेक उघडून पाहिला. ब्रेक चांगला होता. त्यांनी तसं लिहून दिलं, तू ते वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि मला म्हणालास, चल चहा घेऊ.

बस. तेवढंच. मी त्या चहाच्या वेळी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तू तंबाखू मळत वहिनींच्या भावाच्या लग्नाचं काहीतरी सांगून राहिला होतास आणि मी ते ऐकत राहिलो.

तर त्यानंतर अडीच महिन्यांनी हा पिक्चर. आता तुझ्या बाजूला बसून मी तो डॉक्टर बघतो आहे म्हटल्यावर माझं काय झालं असेल, तू विचार कर. मला वाटत होतं, टीव्हीतला आवाज बंद होईल आणि माझ्या डोक्यातलं तुला ऐकू येईल. मी चक्क मनात गाणं म्हणायला लागलो, म्हणजे तुला दुसरं काही ऐकू येऊ नये. तू टीव्हीकडेच बघत होतास. एकदाही मान वळवली नाहीस. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं.

शीट भरायला बसलो तेव्हा तू रंगात होतास. हूटरला तू पूर्ण पास केलंस. म्हणालास, भीती दाखवायची तर आवाज वाढवतात सगळे, यानं बंद केला, हा कामाचा माणूस आहे. ते आपल्याला पटण्यासारखंच होतं. बेमध्ये तरी दुसरं काय आहे? कानठळ्या बसवणारा आवाज, त्यात बोलणं फुकट, वॉकीटॉकीत नुसती खरखर, आणि मग माणूस माणसाकडे बघायला लागतो. हुकही पास, रिकाम्या खाटेपर्यंत त्यानं आपल्याला हलू दिलं नाही. ब्रेक बरा. वायर रोप मात्र तिथेच तुटला. अर्ध्यानंतर नर्स तळघरात उतरते आणि तिथे ते रबराचं, सतरा तोंडांचं, लाळ गाळणारं काहीतरी निघतं आणि सगळ्या आवाजांचं मूळ म्हणे तेच. तू इतका हसलास की वहिनी आतून बघायला आल्या. रिकामी खाट पुरे होती, तिला तोंडं कशाला, असं मी म्हणालो, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा तू माझं वाक्य जसंच्या तसं शीटवर लिहिलंस. लिमिट स्विच नापास.

तुझी सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच होती. नर्सला लोकांचं मन पूर्ण वाक्यांत ऐकू येतं, तेही शुद्ध हिंदीत. "अबे, मन असं पुस्तकासारखं बोलते का?" तू म्हणालास. "मी प्लेटीखाली उभा राहतो तवा माह्या मनात ना हिंदी राहते ना मराठी. पोटात गोळा राहते. कोनाच्या मनातलं ऐकू येत नाही, नाम्या. पाहा लागते."

मी तेव्हा हसून म्हटलं होतं, मोठा आला पाहणारा. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

मग सहावी ओळ. चालक फिट की नाही, म्हणजे डायरेक्टरला कळतं का. मी म्हणालो, नाही. कारण पिक्चरचा मुख्य दोष तळघरातलं रबर हा नाहीच, मुख्य दोष ती नर्स आहे. तिला कळलं होतं की डॉक्टरची बोटं सुन्न आहेत, टेबलावर जिवंत माणूस आहे, आणि ती गप्प राहिली. असं कोणी गप्प राहत नाही. ज्याला हे खरं वाटतं त्या डायरेक्टरला माणसं ठाऊक नाहीत. मी तावातावानं बोलत होतो, बहुतेक जरा जास्तच. तू मुर्रा चावत ऐकत होतास. मग म्हणालास, सगळ्या पिक्चरमध्ये तेवढंच एक खरं आहे.

त्यावर आपण तीन महिने भांडलो. कॅन्टीनमध्ये, स्कूटरवर, शिडीच्या पायथ्याशी. मी म्हणायचो, नर्सनं सांगायला हवं होतं. तू म्हणायचास, बर्फात दुसरा डॉक्टर कुठून आणला असता. मी म्हणायचो, तरी सांगायला हवं होतं. मार्चमध्ये एकदा तू थोडा चिडलास. आपण सायकल स्टँडपाशी होतो. "तिनं सांगून काय होते?" तू म्हणालास. "त्याचं त्यानं सांगा लागते. दुसऱ्यानं सांगतलं तर तो चोर होते." मी विचारलं, मग त्या पेशंटचं काय, तो बिचारा फुकट मेला. तू म्हणालास, "त्यालेबी माहीत होतं. म्हणून तो हळूहळू मोजून राहिला होता."

हे पिक्चरमध्ये कुठेच नव्हतं. तू काहीही जोडतोस, असं म्हणून मी स्कूटरला किक मारली.

एक गोष्ट मी त्या दिवसांत पाहत होतो आणि तिची चेष्टा करत होतो. तुझे इशारे बदलले होते. बावीस वर्षं तू बोटांवर काम केलंस. तुझ्यासारखं कमी हलणारा सिग्नलवाला प्लांटमध्ये नव्हता, दोन बोटं हलवून तू प्लेट सुईसारखी ओवायचास. दिवाळीनंतर तू पूर्ण हात फिरवायला लागलास, खांद्यापासून. थांब म्हणायला दोन्ही हात आडवे. गळ्यात भगभगीत पिवळा गमछा, तो हातात धरून हलवायचास. आणि उभा राहायचास तेही नेहमीच्या जागी नाही, पलीकडच्या दाराच्या उजेडात. बेमधले लोक तुला रामलीलावाला म्हणायला लागले. मीही म्हणालो. म्हातारपणी नाचायला लागला, असं वरून हातानं दाखवून तुला चिडवलं. तू खालून वाकून सलाम केलास.

मग ती सकाळ. तू गेल्याचं कळलं, माती झाली, आणि दोन दिवसांनी मी कामावर गेलो, कारण घरी बसून काय करायचं हे सुचेना. तुझ्या जागी वर्मा होता. चांगला, शिकलेला, पन्नाशीचा माणूस. नियमाप्रमाणे उभा, नियमाप्रमाणे बोटं. मी प्लेट उचलली आणि खाली पाहिलं.

मला काही दिसलं नाही.

तिथे एक माणूस होता एवढं दिसलं. त्याचा हात वर होता की खाली, ते नाही. मी काच पुसली. चष्मा पुसला. खाली कुणीतरी हलत होतं आणि वीस टन माझ्या हाताला लटकलं होतं. इतके महिने मला वाटत होतं की माझं अजून निभतं आहे, डोळे तेवढे गेलेले नाहीत, दिवाळीला एकदा चुकलो पण त्यानंतर एकदाही नाही. त्या क्षणी मला कळलं की डोळे केव्हाच गेले होते. मला फक्त तू दिसत होतास. सगळा आवाज चालू असून मला तो ऐकू येईना, अगदी त्या पिक्चरसारखा, आणि सुखदेव, खोटं नाही सांगत, त्या शांततेत मी वाट बघत होतो की तुझ्या रिकाम्या जागेवरून कुणीतरी मोजायला लागेल. मी हूटर दाबला आणि दाबूनच धरला. लोक बाजूला झाल्यावर कसंबसं वजन होतं तिथे टेकवलं. तब्येत बरी नाही असं सांगून खाली उतरलो आणि शिडीच्या पायथ्याशी बसून राहिलो.

त्यानंतर दोन भीती माझ्या मागे लागल्या. तुला माहीत नव्हतं, तर दिवाळीपासून मी पाच-सहा महिने तुला फसवून आंधळ्याच्या हाताखाली उभं केलं. आणि माहीत होतं, तर तू रोज सकाळी ते जाणून सही करत होतास आणि खाली जाऊन उभा राहत होतास. कोणती भीती मोठी, हे मला ठरवता येईना. जलदानाला मी ह्या दोन्ही घेऊन आलो होतो.

जेवणं आटोपल्यावर वहिनींजवळ बसलो. त्या तुझा पिवळा गमछा घडी करून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी काही विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, हा गमछा त्यांनी दिवाळीच्या बाजारात मुद्दाम शोधून आणला होता, तीन दुकानं पालथी घातली, जर्द पिवळाच पाहिजे म्हणून. मग आतल्या आरशाकडे बघून म्हणाल्या, "रोज आंघोळ झाली का आरशापुढं हात फिरवून पाहत. मी म्हटलं, कावून असं करून राहिले, येड लागलं का? तर म्हने, नाम्याले बोटं दिसत नाही आता."

मी उठून बाहेर आलो. प्रज्ञा मागे आली आणि एक कागद हातात दिला. "काका, ये बाबा की फाइल में था. तुमचाच आहे वाटते."

नर्सच्या पिक्चरची शीट. मी ती मंडपाच्या बाहेर उन्हात नेऊन डोळ्यांजवळ धरली. पाच ओळी माझ्या समोर भरलेल्या, त्यात माझं रिकाम्या खाटेचं वाक्य. सहावी ओळ नंतर कधीतरी, दुसऱ्या पेननं. अक्षर एवढं मोठं की दोन ओळींची जागा खाल्लेली. चालक फिट: नाही. सिग्नलवाला फिट आहे.

पिक्चरला सिग्नलवाला नसतो, सुखदेव.

मला वाटलं होतं की खरं कळलं की भीती जाईल. ती गेली नाही, फक्त तिनं जागा बदलली. आता मला वरून खाली बघण्याची भीती वाटत नाही, खालून वर बघण्याची वाटते. मी तुझ्या जागी उभा राहून बघतो. डोक्यावर प्लेट, वर धुरकट काचेमागे एक खोटारडा माणूस, आणि मी माझा हात खांद्यापासून फिरवतो आहे. पोटात गोळा. नर्सही तूच होतास आणि टेबलावरचा माणूसही तूच, आणि रोज हळूहळू मोजत होतास की आज तरी हा बोलेल. मला तुझा राग येतो. एवढा जीव स्वस्त होता का तुझा, वहिनींचा विचार आला नाही का, असं तुला गदागदा हलवून विचारावंसं वाटतं. आणि त्याच वेळी वाटतं, माझी लाज राखायला कुणी आरशापुढे उभं राहून हात फिरवायची तालीम केली, एवढं माझ्या वाट्याला आलं. माझ्या बापानंसुद्धा माझ्यासाठी एवढं केलं नसतं. मी तुला रामलीलावाला म्हणालो.

सोमवारी शीट पुढ्यात आली. ब्रेक ठीक, हुक ठीक, रोप ठीक, लिमिट स्विच ठीक, हूटर ठीक. सहाव्या ओळीवर मी 'नाही'ला खूण केली. वर्मानं दोनदा वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. इन्चार्जनं बोलावून विचारलं, कब से? मी खरं सांगितलं, दिवाळीसकट. पुढे काय व्हायचं ते होईल, क्रेनवरून काढून टूल रूममध्ये बसवलं तर टूल रूम, चौकशी तर चौकशी. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. कुसुम सोबत येणार आहे. तिला सगळं सांगितलं तेव्हा तिनं आधी बुटाचं खोकं फेकलं आणि मग रडली. पट्टी सोडल्यावर मी काय विचारीन, हे मनात येतं आणि मी दुसरा विचार करायला लागतो.

तर आपल्या भांडणाचं असं आहे. मी अजून हरलेलो नाही. नर्सनं बोलायला हवं होतं, हे माझं म्हणणं कायम आहे, आणि तू समोर असतास तर आज मी आवाज चढवून म्हटलं असतं, की बोलायला हवं होतंस रे, एकदा तरी शिडीच्या पायथ्याशी माझी कॉलर धरायला हवी होतीस.

पण तिच्या आधी बोलायला हवं होतं ते त्या डॉक्टरनं.